मदत हवी आहे: संरक्षणाचे कोट्यवधी रुपये न वापरता राहतात, ईसीएचएसची (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची) बिलं मात्र थकतात. खासदारांना नेमका काय प्रश्न लिहून द्यावा?

औसेकर
नमस्कार मंडळी. वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेत, ईसीएचएसचं कार्ड आहे. मागं लातुरात यादीतल्याच एका दवाखान्यात नेलं, तर काउंटरवर सांगितलं की आधीची बिलं अजून आली नाहीत, तुम्ही रोख भरा. भरले. दवाखान्याचं नाव इथं नको.

पण यावरून आमच्याकडच्या माजी सैनिकांच्या बैठकीत चांगलीच जुंपली. एक सुभेदार काका कात्रण घेऊनच आले होते. २०२४-२५ ला संरक्षणाच्या भांडवली खर्चासाठी १,७२,००० कोटींची तरतूद होती, सुधारित अंदाजात ती १,५९,५०० कोटींवर आली. म्हणजे साडेबारा हजार कोटी कमी केले. त्याच वर्षी देशभरातल्या ईसीएचएसला मूळ तरतूद होती ६,९६८ कोटींची. काका म्हणाले, "त्या साडेबारा हजारांतले दोन हजार इकडं वळवले असते तर काय बिघडलं असतं?" कुणालाच उत्तर देता आलं नाही.

आता खासदारांना पत्र द्यायचं ठरलंय आणि ते लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. असे पैसे वळवता येतात का? येत नसतील तर यावर संसदेत कोण लक्ष ठेवतं? आणि प्रश्न काय लिहावा? पक्षीय वाद कृपया नको, ते आमच्या पारावर रोज फुकट मिळतात.

परभणीचा लेखापाल
औसेकर, जिल्हा परिषदेत शाळा दुरुस्तीच्या लेखाशीर्षात ३१ मार्चला निधी पडून आहे म्हणून त्यातून मास्तरांचे पगार काढता येतात का? नाही ना. तेच इथं.

संरक्षणाच्या चार वेगवेगळ्या मागण्या (म्हणजे खर्चाचे प्रस्ताव) लोकसभा मंजूर करते: १९ नंबर मंत्रालयाचा नागरी खर्च, २० महसुली, २१ भांडवली, २२ निवृत्तिवेतन. विमानं, तोफा, जहाजं २१ मध्ये. ईसीएचएस २० मध्ये. एका मागणीच्या आत पुनर्विनियोजन (एका बाबीचे पैसे दुसरीकडं) करायची मुभा मंत्रालयाला असते (त्यालाही मर्यादा आहेत), पण एका मागणीतून दुसऱ्या मागणीत एक रुपया नेता येत नाही. घटनेचं कलम ११४ सांगतं की कायद्यानं विनियोजन (खर्चाला मंजुरी) झाल्याशिवाय सरकारच्या एकत्रित निधीतून पैसा काढायचा नाही.

मार्ग आहे मात्र. कलम ११५ खाली पुरवणी मागणी. सरकार मागणी २० साठी जादा रक्कम मागू शकतं आणि ती इतरत्र उरलेल्या पैशांतून भागवू, असं त्यातच सांगू शकतं. पुरवणी मागण्यांच्या पुस्तिकेत एकूण जादा खर्च वेगळा आणि प्रत्यक्ष बाहेर जाणारी रोख वेगळी दाखवलेली असते, ती यासाठीच. तेव्हा काकांना सांगा, वळवता येतं, पण संसदेतून.

बीडचा बाण
संसदेतून म्हणे! २०१८ ला आणि २०२३ ला सगळ्या मंत्रालयांच्या मागण्या गोंधळात गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर झाल्या, संरक्षणाच्या पण. कुठलं लक्ष अन् कुठलं काय.

नांदेडची राज्यशास्त्रवाली
बाणदादा, सभागृहात चर्चा होत नाही हे खरंच आहे. पण लक्ष ठेवायचं बरंचसं काम समित्यांमध्ये होतं आणि तिथं बातमीदार नसतात, म्हणून आपल्याला दिसत नाही.

दोन समित्या लक्षात ठेवा. संरक्षणविषयक स्थायी समिती खर्चाच्या आधी बघते. १९९३ ला विभागवार स्थायी समित्या आल्या, त्यातली ही; ३१ सदस्य, लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १०. मंत्री सदस्य होऊ शकत नाही. लोकलेखा समिती झालेला खर्च तपासते. महालेखापरीक्षकांचे अहवाल आणि विनियोजन लेखे (मंजूर किती, खर्च किती याचा हिशोब) तिच्याकडं जातात. अध्यक्षपद १९६७ पासून विरोधी पक्षाकडं देण्याची प्रथा आहे. एखाद्या मागणीत शंभर कोटी किंवा जास्त रक्कम अखर्चित राहिली तर मंत्रालयाला या समितीकडं कारणं लेखी द्यावी लागतात. मंजुरीपेक्षा खर्च जास्त झाला तर तो आधी हीच समिती तपासते, मगच संसद नियमित करते.

आता तुमच्या काकांचा आकडा. एक वर्ष उरलं म्हणून दरवर्षी उरतं असं धरू नका. मार्च २०१८ चा स्थायी समितीचा अहवाल वाचा, अध्यक्ष होते बी. सी. खंडुरी, सत्ताधारी पक्षाचेच आणि स्वतः निवृत्त मेजर जनरल. सेनेच्या उपप्रमुखांनी समितीपुढं सांगितलं होतं की आधुनिकीकरणाला मिळालेत २१,३३८ कोटी, आणि आधीच केलेल्या करारांचे हप्तेच २९,०३३ कोटींचे आहेत. नवीन घेणं लांबच, जुनं देणंसुद्धा भागत नव्हतं.

एकाच खात्यात कधी तूट, कधी शिल्लक, याचं मोठं कारण म्हणजे हत्यारांचे पैसे टप्प्याटप्प्यानं जातात. माल आला नाही तर हप्ता नाही. ८३ तेजस विमानांचा करार फेब्रुवारी २०२१ चा, इंजिनं वेळेवर आली नाहीत आणि विमानं रखडली. असं झालं की त्या वर्षाचे पैसे राहतात आणि पुढच्या वर्षी ते देणं नव्या तरतुदीच्या डोक्यावर बसतं. यासाठी ३१ मार्चला रद्द न होणारा निधी हवा, ही मागणी जुनी आहे. २००४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात जसवंतसिंहांनी २५,००० कोटींचा असा निधी जाहीर केला होता, तो उभा राहिला नाही. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २६ साठी २,३८,३५४ कोटींचा सुचवला. माझं मत विचाराल तर तो निधी झाला तरी तुमच्या दवाखान्याला त्याचा उपयोग नाही, कारण तो भांडवली गोष्टींसाठीच. तुमचं दुखणं मागणी २० मधलं आहे.

परभणीचा लेखापाल
ताई बरोबर बोलल्या. एक भर घालतो. उरलेले पैसे मार्चमध्ये कसेतरी उडवू नयेत म्हणून केंद्राचे नियम आहेत; शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के ही मर्यादा. त्यामुळं पैसे वेळेत परत करणारा अधिकारी दोषीच असतो असं नाही. पत्रात "पैसे बुडवले" वगैरे लिहू नका.

औसेकर
लई उपयोग झाला. मसुदा असा केलाय:
"मागील तीन वर्षांत संरक्षण भांडवली खर्चात किती रक्कम अखर्चित राहिली आणि ती ईसीएचएसला का दिली नाही?"
जमलं का?

नांदेडची राज्यशास्त्रवाली
पहिला भाग काढा. छापील, सहज मिळणाऱ्या कागदपत्रांत असलेली माहिती विचारणारा प्रश्न लोकसभेच्या नियम ४१ नुसार नाकारता येतो, आणि हा आकडा अर्थसंकल्पातच आहे. दुसऱ्या भागाला "मागण्या वेगळ्या आहेत" एवढं उत्तर मिळेल. असं लिहा:
"मागील तीन आर्थिक वर्षांअखेर ईसीएचएसच्या संलग्न रुग्णालयांची प्रलंबित देयके विभागीय केंद्रनिहाय किती होती, ईसीएचएससाठी मंत्रालयाने पुरवणी मागणीत किती रक्कम मागितली आणि अर्थ मंत्रालयाने किती मान्य केली, मागितली नसल्यास कारणे काय?"
अतारांकित प्रश्न द्या, लेखी उत्तर मिळतं. तारांकितची (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) चिठ्ठी निघेल याचा भरवसा नाही.

बीडचा बाण
अन् "माहिती गोळा केली जात आहे" म्हणून टोलवलं तर?

नांदेडची राज्यशास्त्रवाली
तर ते आश्वासन धरलं जातं. तीन महिन्यांत पुरं करावं लागतं, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. औसेकर, प्रश्नाला किमान पंधरा दिवसांची नोटीस लागते. अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र नेलं तर खासदारांच्या हातात दिवस राहणार नाहीत, तारखा जाहीर झाल्या की लगेच देऊन टाका. सोबत सुभेदार काकांचं कात्रण नको, मागणी २० चं पान जोडा.