दिवसापेक्षा रात्र जड जाते
छताला पांढरा रंग दिला की उन्हाळ्यात घर थंड राहतं, असं सांगतात. दिवसापुरतं पटतं. पण आमच्या यवतमाळकडच्या गावात मे महिन्यात खरी छळते ती रात्र. ४५ अंशांत तापलेला स्लॅब दिवस बुडाल्यावर ती उष्णता खाली सोडत राहतो, पंखा तीच गरम हवा फिरवतो. टिन लवकर तापतं, तसं लवकर निवतंही. स्लॅबवाले मात्र खाटा घेऊन अंगणात.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चुना तर मारलाच, शिवाय स्लॅबच्या हातभर वर बांबूंवर तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा, मांडव घातला. मधून वारा खेळतो, ऊन स्लॅबला शिवतच नाही. तेव्हापासून आई उन्हाळ्यातही घरात झोपते. (मांडव चुलीच्या धुराड्यापासून लांब ठेवा, तुराटी भडकन पेटते.) आणि कूलर लावणाऱ्यांनी समोरची खिडकी उघडी ठेवायलाच हवी, दमट हवा बाहेर पडली नाही तर नुसती चिकचिक होते. घरकुलाच्या खोलीला पुष्कळदा एकच खिडकी असते. बांधकाम सुरू असतानाच मिस्त्रीकडून समोरासमोर दुसरी काढून घ्या, नंतर भिंत फोडणं परवडत नाही.