मरणाऱ्या सैनिकाचा फोटो छापायला कुणाची परवानगी लागावी?

पाणवठा: १४ ऑगस्ट २००९, अफगाणिस्तानातला हेल्मंद प्रांत. आरपीजीने, म्हणजे खांद्यावरून डागायच्या रॉकेट-ग्रेनेडने, जखमी झालेला २१ वर्षांचा अमेरिकन मरीन मातीत पडलाय, दोन सोबती त्याच्यावर वाकलेत. गोळीबार चालू असतानाच एपी या वृत्तसंस्थेच्या ज्युली जेकबसन यांनी लांबून फोटो घेतला. मुलगा त्याच दिवशी गेला. सैन्याबरोबर राहणाऱ्या पत्रकारांना अट होती ती घरच्यांना कळेपर्यंत थांबायची. एपी अंत्यसंस्कार उरकेपर्यंत थांबली, आईवडिलांना फोटो आधी दाखवले. वडील नको म्हणाले, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनीही विनवलं. तरी सप्टेंबरमध्ये एपीने फोटो प्रसिद्धीला दिला. माझ्या मते बरोबर केलं. आठ वर्षं चाललेल्या युद्धात माणसं मरतात, हे दिसायला नको?

सुभेदाराची लेक: दाखवले, विचारलं नाही. फरक कळतोय ना? बाबा सीमेवर असताना दारात तारवाला दिसला की आई आधी चुलीवरचं भांडं उतरवायची, मग दार उघडायची. हात थरथरायचे म्हणून. त्या बाईला पेपरात मुलाचा तुटलेला पाय दाखवून कुणाचं प्रबोधन झालं?

आडवातिडवा: ताई, मग १९९१ चं आखाती युद्ध घ्या. केनेथ जारेके यांनी जळून कोळसा झालेला इराकी सैनिक टिपला, ट्रकमधून बाहेर पडता पडता तसाच राहिलेला. अमेरिकेत एपीने तो फोटो मागे घेतला, लंडनच्या ऑब्झर्व्हरने छापला. त्याच्या आईला विचारायला कोण गेलं होतं?

सुभेदाराची लेक: तिला विचारलं नाही, म्हणून हिलाही विचारू नका? अजब न्याय.

आडवातिडवा: तसं नाही. कुटुंबाच्या भावना पुढे करून सरकार काय करतं ते बघा. १९९१ पासून अमेरिकेतल्या डोव्हर हवाई तळावर येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांचे फोटोच बंद. झेंड्यात गुंडाळलेली पेटी, त्यात कुणाचा चेहरा दिसणार होता? १८ वर्षं!

सुभेदाराची लेक: आणि २००९ मध्ये बंदी उठली तेव्हा निर्णय कुणावर सोपवला? कुटुंबावर. बंद पेटीला घरच्यांची परवानगी, जीव जाताना मात्र नाही?

पाणवठा: हा मुद्दा मला खोडता येत नाही. पण नकाराधिकार घरच्यांना दिला की उद्या सरकार घरच्यांच्या आडूनच बोलेल, ही भीती जात नाही. बऱ्याच वर्तमानपत्रांनी तो फोटो छापलाच नाही, तेही स्वतःहून. संपादकाने नाही म्हणणं मला चालेल, मंत्र्याने नाही.

सुभेदाराची लेक: आणि बापाने?