निवटी अजून मासाच का?

गोव्यातल्या चोडणच्या खारफुटीत ओहोटीला चिखलावर फिरणारी निवटी दाखवून एकानं विचारलंय, की ती आजही मासाच आहे, मग उत्क्रांती कुठे झाली? प्रश्न रास्त आहे, पण माशांपासून आपल्यापर्यंत आलेल्या वाटेवरची निवटी नाहीच. ती गोबी नावाच्या माशांच्या गटातली. तिला फुप्फुसं नाहीत. ओली त्वचा आणि तोंडाच्या आतलं अस्तर यांतून ती हवेतला प्राणवायू घेते. म्हणूनच ती सारखी चिखलात लोळते, अंग सुकलं की संपलं. तिच्या परांत आपल्या दंडाच्या हाडासारखं काही नाही.

आपली शाखा मांसल परांच्या माशांची. तिथला पुरावा पाहा. सुमारे 38.5 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत असे मासे मिळत होते, 36.5 कोटींच्या आसपास चार पायांचे प्राणी. म्हणून संशोधकांनी मुद्दाम मधल्या वयाचा, नदीच्या गाळाचा खडक शोधला, तो कॅनडातल्या एल्समेअर बेटावर. तिथे 2004 साली टिकटालिक या माशाचा जीवाश्म मिळाला: अंगावर खवले, पण मान मोकळी, आणि परात एक दंडाचं हाड, पुढे दोन, मग मनगट.

पोलंडमध्ये त्याहून जुने, सुमारे 39 कोटी वर्षांपूर्वीचे चार पायांच्या प्राण्यांचे पाऊलठसे सापडल्याचं 2010 साली जाहीर झालं. म्हणजे टिकटालिक आपला थेट पूर्वज नसावा, त्या टप्प्यावरचा मागे उरलेला चुलत भाऊ असावा. हा आक्षेप वजनदार आहे, पण त्यानं बदलतो तो काळ. दंडाचं हाड पराच्या आत होतं, हे तसंच राहतं.