सरप्राइज प्रपोजल आणि लपलेला फोटोग्राफर, कसं जमवायचं?

प्रश्न: गर्लफ्रेंडला लग्नासाठी विचारायचंय, सूर्यास्ताच्या वेळी, मोकळ्या जागी. तिला जराही कळू न देता फोटो हवेत. फोटोग्राफरला नेमकं काय सांगू? आणि तो दिसलाच तर?

उत्तर १: अभिनंदन आधीच! माझ्या भावाच्या वेळी सगळं मीच बघितलं होतं. फोटोग्राफर जवळ नकोच, ७०-२०० मिमीसारखी लांबचं जवळ दाखवणारी झूम लेन्स असली की लांबून काम होतं, आणि सायलेंट शटर लावायला सांग, म्हणजे क्लिकचा आवाज येत नाही. आदल्या दिवशी त्याच वेळेला तू आणि फोटोग्राफर जाऊन जागा बघून या, उजेड कुठून येतो ते कळतं. तू नेमका कुठे उभा राहणार ते एखादं झाड वगैरे धरून पक्कं कर आणि त्या दिवशी काय घालणारेस त्याचा फोटो त्याला पाठव, गर्दीत चुकीच्या जोडप्यावर कॅमेरा लागायला नको.

उत्तर २: खूण ठरवा. तू टोपी काढलीस की फोटोग्राफरने तयार राहायचं. फोनवर मेसेज करत बसू नकोस, तिला शंका येते. गुडघ्यावर बसलास की घाई करू नको रे, डबी तिच्याकडे उघडी धर आणि कॅमेऱ्याकडे पाठ नको, दोघं साइडने दिसायला हवेत, तिच्या चेहऱ्यावर जे येईल तेच तर खरं हवंय ना.

उत्तर ३: पाऊस आला तर दुसरी जागा ठरवून ठेव. आणि चारचौघांत विचारलेलं तिला आवडेल ना, ते आधी बघ, बाकी सगळं नंतर.

प्रश्नकर्ता: तिला गर्दी आवडत नाही, म्हणजे सूर्यास्ताऐवजी सकाळची शांत वेळच घेतो. टोपीची खूण मस्तय, थँक्यू!