मैत्री भावना आणि वरच्या मजल्यावरची गळती

कल्याणकर: जय भीम, नमो बुद्धाय. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलो. शेवटी मौन सुटलं, मैत्री भावना शिकवली, सगळ्यांचं मंगल चिंतताना खरंच हलकं वाटलं. घरी येऊन बघतो तर बाथरूमच्या छताला ओल, पोपडे थेट बादलीत. वरच्या काकूंना सांगायला गेलो, तर दारातूनच, "आमच्याकडे सगळं कोरडं आहे!" आता डोळे मिटून बसलं की पहिला चेहरा त्यांचाच. सोसायटीला लेखी तक्रार द्यायचीय, पण बायको म्हणते, "हीच का तुमची मैत्री?"

विहारातली ताई: दादा, तुम्ही शेवटच्या पायरीवरून सुरुवात करताय. 'विसुद्धिमग्ग' या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथात आचार्य बुद्धघोषांनी मैत्री भावनेचा क्रम दिलाय: आधी स्वतः, मग आदराची माणसं, जिवलग, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा माणूस. वैरी सगळ्यात शेवटी. मला विचाराल तर ते देणंघेणं नसलेलं माणूसच अवघड. आमच्या गेटवर रात्रपाळीचे काका आहेत, बिल्डिंगमध्ये कुणाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं. आता येताजाता थांबते. त्यांची लेक दहावीला आहे, तिच्या वहीचे फोटो मोबाईलवर मोठे करून करून तपासत असतात. काकूंना महिनाभर बाजूला ठेवा.

भीमसैनिक_नागपूर: महिनाभर? तोवर स्लॅब खाली येईल! तक्रार द्याच. प्राणिमात्रांवर दया करीन हे बावीस प्रतिज्ञांमध्ये आहेच, पण ज्या बाबासाहेबांनी त्या दिल्या त्यांनी चवदार तळ्यासाठी १९२७ ला सत्याग्रह केला आणि कोर्टात १९३७ पर्यंत लढले. गप्प बसा असं कुणी सांगितलंय? फक्त अर्जातून 'मुद्दाम', 'उद्धटपणे' असले शब्द काढा. तारीख, फोटो, कुठली भिंत, बास.

विहारातली ताई: हे मात्र पटलं. 'जाऊ दे' म्हणत आतल्या आत धुमसणं म्हणजे धम्मातली उपेक्षा, म्हणजे मनाचा समतोल, नव्हे. आणि राग शमतच नसेल तर बुद्धघोषांचा शेवटचा उपाय म्हणजे त्या माणसाला काहीतरी द्या. बुद्ध पौर्णिमेची खीर आहेच की. अर्ज आणि खीर एकाच दिवशी नका नेऊ, एवढंच.

कल्याणकर: अर्ज दिला, मोजून चार ओळींचा. खिरीचं बायकोने मनावर घेतलंय. रविवारी प्लंबर येतोय, काकू दार उघडणार म्हणाल्यात. खर्चाचा विषय अजून निघालेला नाही.