अनुभव धागा: तुमच्या खेळातली हीलर देवी कशी झाली?

डन्जन्स अँड ड्रॅगन्स किंवा त्याच धर्तीचे टेबलावरचे रोलप्लेइंग खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना आग्रहाचं आमंत्रण. आमच्या कॅम्पेनमधली (म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या लांब गोष्टीतली) क्लेरिक, म्हणजे मंत्रांनी बरं करणारं पुजारी पात्र, आमची हीलर, आता त्या जगातल्या एका जमातीची देवी आहे. अमर पात्रांसाठी अधिकृत नियम पूर्वीही होते. १९८६ साली फ्रँक मेंट्झर यांचा 'इमॉर्टल्स' संच आला, तो ३६ लेव्हलींच्या पलीकडे गेलेल्यांसाठीच होता. आमच्याकडे मात्र लेव्हलीचा काही संबंध आला नाही. ज्यांना तिने बरं केलं, त्यांनीच तिला देवी केलं. तुमच्याकडे हे कसं घडलं? हात आखडता न घेता लिहा.

*

मी डीएम, म्हणजे खेळातलं जग आणि गोष्ट चालवणारा. आमची हीलर खाजणात राहणाऱ्या मीठकरी लोकांमध्ये अडकली होती, ऐन तापाच्या साथीत. लेव्हल कमी, त्यामुळे दिवसाला मोजकेच मंत्र. कोणावर वापरायचे हे रोज ठरवावं लागायचं. उरलेल्यांसाठी ती पाणी उकळायला लावायची, अंथरुणं उन्हात टाकायला लावायची, रात्रभर उशाशी बसायची. खेळणारी मुलगी डावरी आहे. पट्टी कशी बांधते हे ती टेबलावर हातरुमाल घेऊन करून दाखवायची आणि गाठ नेहमी उलट्या बाजूला पडायची. मी ते टिपून ठेवलं.

पुढची कॅम्पेन त्याच जगात, तीनशे वर्षांनंतरची. नवी पात्रं खाजणात पोचली तर प्रत्येक दाराच्या चौकटीला कापडाची पट्टी आणि गाठ डाव्या हाताची. घरात कोणी आजारी पडलं की ती सोडायची, बरं झालं की नवी बांधायची. मुलीने ओळखलं. तिच्या नव्या पात्राने, एका उर्मट भाडोत्री सैनिकाने, म्हातारीला विचारलं, "ही गाठ कोणी शिकवली?" म्हातारी म्हणाली, "आईने. ती कधी झोपत नाही."

ती झोपायची हो! खेळात तर कितीदा दमून झोपली होती. पण लोकांनी लक्षात ठेवलं ते उशाशी बसणं. मला वाटतं देवत्वाची सुरुवात तिथेच होते, लोक काय गाळतात त्यात. तेव्हापासून मी देवीची गोष्ट आधी लिहीत नाही. तिच्या हातच्या सवयी लिहून ठेवतो आणि त्या लोकांच्या ताब्यात देतो.

*

माझं पात्र देवी झाल्यावर डीएमने मला पुढच्या कॅम्पेनमध्ये प्रार्थनांना उत्तरं द्यायचं काम दिलं. खूप जड काम आहे हे. २०१४ च्या नियमांत मेलेल्याला परत जिवंत करणाऱ्या 'रिव्हिव्हिफाय' मंत्राला ३०० सोन्याच्या नाण्यांचा हिरा लागतो आणि मृत्यूनंतर मिनिटाच्या आत तो टाकावा लागतो. क्लेरिक असताना मी हिरे जमवत फिरायचे, मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. देवी झाल्यावर पहिली प्रार्थना आली ती एका मेंढपाळाची, मांडीवर मूल. त्याच्याकडे हिरा कुठून असणार? आम्ही तिथल्या तिथे खेळ थांबवून बोललो आणि ठरलं की माझ्या पुजाऱ्यांना हिरा लागणार नाही. मागणाऱ्याने आपली एक आठवण द्यायची, ती कायमची जाणार. मेंढपाळाने आपल्या आईचा आवाज दिला. टेबलावर दोघं रडले, त्यात मी एक.

*

मी पेशाने परिचारिका. एवढंच सांगते: देवीची मूर्ती वर्णन करताना हातात तेज, पायाशी फुलं असलं काही नको. बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या हव्यात आणि मान थोडी खाली, समोरच्याच्या जखमेकडे. आमच्या डीएमने अगदी तशीच मूर्ती उभी केली, आणि मग खेळाडू तिच्यापुढे नुसते हात जोडण्याऐवजी आपलं दुखणं सांगायला लागले.

*

जग रचणाऱ्यांसाठी. इतिहासात यासाठी भरपूर ऐवज आहे. 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात अस्क्लेपिओस हा निष्णात वैद्य म्हणूनच येतो, त्याचे मुलगे माखाओन आणि पोदालिरिओस सैन्यातल्या जखमा बघतात. पुढे तो देव झाला. एपिदाउरोसच्या मंदिरात रुग्ण रात्री झोपायचे, स्वप्नात उपचार व्हायचा आणि बरे झाल्याच्या हकिकती दगडावर कोरून ठेवत. करिंथच्या मंदिरात भाजक्या मातीचे हात, पाय, कान सापडलेत, बरं झालेल्यांनी वाहिलेले. इजिप्तचा इम्होतेप राजा जोसेरचा मंत्री. त्याला आरोग्याचा देव मानेपर्यंत मध्ये सुमारे दोन हजार वर्षं गेली.

मी आमच्या देवीसाठी तशाच शिळा लिहिल्या आणि खेळाडूंच्या हातात कागदावर दिल्या. अमक्या कोळ्याचा डोळा, तमकीचं अडलेलं बाळंतपण. युद्धातला एकही पराक्रम नाही. खेळाडूंनी ते कागद अजून जपून ठेवलेत.

*

माझा अनुभव जरा वेगळा आहे आणि तो मांडायलाच हवा. आमच्या जमातीने हीलरला देवी केलं आणि दोन पिढ्यांत झाडपाला ओळखणारं कोणी उरलं नाही. ताप आला की देवळात, हाड मोडलं की देवळात. तिची शेवटची शिष्या मी खेळते. तिने भर उत्सवात देवळाचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "ती तुम्हाला औषध कुटायला शिकवत होती, तुम्ही तिचा खल पूजेला लावलात." लोकांनी तिला हाकलून दिलं. सध्या ती वेशीबाहेर चार पोरांना मुळ्या ओळखायला शिकवते आणि आमची कॅम्पेन तिथून पुढे चालू आहे.

*

वर मेंढपाळाचं लिहिलं होतं ती मीच. शिष्येचं वाचून मी लगेच डीएमला फोन केला. देवी मी खेळते, म्हणजे आज्ञा द्यायचा अधिकार माझा. पुढच्या सेशनला माझ्या सगळ्या पुजाऱ्यांना एकच स्वप्न पडणार आहे: आधी जखम धुवायची, टाके घालायचे, मग माझं नाव घ्यायचं. त्यातले किती ऐकतील ते डाइस ठरवतील. तुमच्या शिष्येसाठीही एक विचारते, तिच्या पोरांपैकी कोणाला देवीची भक्ती सोडायची नसेल तर ती काय करेल?