मदत हवी आहे: टीएफएसएमध्ये (कॅनडातलं करमुक्त बचत खातं) जास्त पैसे भरले गेले, दंडाचं पत्र आलंय

उशिराची_पेरणी (8 जून 2026, रात्री 10:12)
सीआरएचं, म्हणजे कॅनडाच्या कर विभागाचं, पत्र आलंय. 2025 साठी 1,850 डॉलर भरा म्हणतायत. टीएफएसए तर करमुक्त असतं ना? मग कर कसला? मी लिमिटच्या निम्मेसुद्धा भरलेले नाहीत. बँकेतल्या माणसाने स्वतः सांगितलं होतं की 2025 ची एकूण मर्यादा 1,02,000 आहे. 30 जूनच्या आत फॉर्म द्यायचाय. सगळे पैसे काढून खातं बंद करू का? कृपया ज्यांना खात्रीने माहीत आहे त्यांनीच लवकर सांगा.

मेपलची_सावली (10:31)
कॅनडात कधी आलात? किती भरले, कुठल्या महिन्यात? हे सांगितल्याशिवाय कोणी काही सांगू शकणार नाही.

गणित_आवडतं (10:40)
बऱ्याच गोष्टी पत्रातूनच कळतात. दंड जादा रकमेवर महिन्याला 1 टक्का असतो. मार्च ते डिसेंबर 10 महिने धरले तर महिन्याला 185, म्हणजे जादा रक्कम 18,500. अंदाजाने विचारतो, मार्च 2025 मध्ये एकरकमी 45,000 भरलेत का? आणि 2022 साली इथे आलात का?

उशिराची_पेरणी (10:52)
हो!! 45,000 च. सप्टेंबर 2022 ला पीआरवर (कायम निवासावर) आलो. भारतातला फ्लॅट विकला होता, ते पैसे होते. पण याचा संबंध काय?

गणित_आवडतं (11:05)
सगळा संबंध तोच आहे. 1,02,000 हा आकडा 2009 पासून कॅनडात राहणाऱ्या आणि तेव्हा 18 पूर्ण असलेल्या माणसाचा. रूम, म्हणजे पैसे भरायची मर्यादा, तुम्ही इथले रहिवासी झालात त्या वर्षापासून साठते. पहिल्या वर्षाची मात्र पूर्ण मिळते, सप्टेंबरमध्ये आलात म्हणून कापत नाहीत. म्हणजे 2022 चे 6,000, 2023 चे 6,500, 2024 चे 7,000, 2025 चे 7,000. बेरीज 26,500. तुम्ही 45,000 भरले. फरक 18,500.
1 जानेवारी 2026 ला आणखी 7,000 रूम मिळाली, म्हणून आता जादा 11,500 उरले. तेवढे काढा, या महिन्यातच. खातं बंद करायची काही गरज नाही.

शेतकऱ्याचा_नातू (11:20)
या टीएफएसएच्या नादी लागूच नये. भारतात पीपीएफ चालू ठेवा. 7.1 टक्के, व्याज करमुक्त, सरकारी हमी. माझं खातं 2014 पासून आहे. इथे 3 टक्क्यांवर कसली संपत्ती होणार?

मेपलची_सावली (11:28)
दादा, ते व्याज भारतात करमुक्त आहे. तुम्ही कॅनडाचे रहिवासी आहात, इथे जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं, पीपीएफचं व्याजसुद्धा. शिवाय एनआरआय झाल्यावर नवीन पीपीएफ उघडता येत नाही, जुनंच मुदतीपर्यंत चालवता येतं. भारतातल्या एकूण गुंतवणुकीची मूळ किंमत 1,00,000 कॅनेडियन डॉलरच्या वर गेली की टी1135 (परदेशी मालमत्तेचा फॉर्म) पण भरावा लागतो. तुम्ही दाखवता का?

शेतकऱ्याचा_नातू (11:41)
माझा सीए भारतातला आहे, त्याने कधी सांगितलं नाही. उद्या विचारतो. पण 7.1 हा आकडा खोटा नाही.

आरआरएसपी_आधी (9 जून, सकाळी 7:15)
मूळ चूक क्रम चुकण्याची आहे. नोकरदाराने आधी आरआरएसपी (निवृत्तीसाठीचं बचत खातं) भरावा. मागच्या वर्षीच्या कमाईच्या 18 टक्क्यांपर्यंत वजावट मिळते (वर एक कमाल मर्यादा आहे). रिफंड हातात येतो. मी 11 वर्षं हेच करतोय. आणि तिथे 2,000 डॉलरपर्यंत जास्त भरलं गेलं तरी दंड लागत नाही. टीएफएसएत एक डॉलरची सूट नाही.

गणित_आवडतं (7:50)
शेवटचं वाक्य अगदी बरोबर. बाकी मान्य नाही. भरताना आणि काढताना कराचा दर सारखाच असेल तर दोन्हीचं फळ सारखंच येतं. आज पगार कमी आणि पुढे वाढणार असेल तर आधी टीएफएसए, आज वरच्या टप्प्यात असाल तर आरआरएसपी. आणि म्हातारपणी टीएफएसएतून काढलेले पैसे उत्पन्नात धरत नाहीत, त्यामुळे जीआयएससारखी (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी) मदत त्यापायी कमी होत नाही. उशिरा आलेल्यांना ओएएस (सरकारी वृद्धापकाळ पेन्शन) पूर्ण मिळत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण धागाकर्त्याचा प्रश्न हा नाहीच.

आरआरएसपी_आधी (8:02)
प्रश्न हा नसेल, पण पुढची 25 वर्षं ते काय करणार हे यावरच ठरेल. असो. पगार किती ते त्यांनी सांगितलंच नाही.

ओंजळभर (8:30)
माझं वेगळ्या पद्धतीने झालं होतं, सांगून ठेवते. रूम पूर्ण भरलेली होती. ऑक्टोबरमध्ये एका बँकेतून 20,000 काढले आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या बँकेच्या टीएफएसएत टाकले, कारण तिथे दर चांगला होता. मला वाटलं पैसे तेच, खातं फक्त बदललं. पण काढलेल्या पैशांची रूम पुढच्या 1 जानेवारीलाच परत मिळते. तीन महिने, 200 प्रमाणे 600 डॉलर गेले. फार जिव्हारी लागलं होतं. खातं हलवायचं तर स्वतः काढू नका, नव्या बँकेकडून ट्रान्सफरचा फॉर्म भरून घ्या.

उशिराची_पेरणी (दुपारी 12:48)
धन्यवाद सगळ्यांना. जानेवारीत 7,000 मी भरलेत. ऑटोमॅटिक लावलं होतं. ते नवीन वर्षाचे ना, ते वेगळे ना?

गणित_आवडतं (12:55)
हे काल सांगायला हवं होतं. वेगळे नाहीत. नवी रूम जुनी जादा रक्कम आधी भरून काढते. तुम्ही 7,000 आणखी टाकलेत म्हणजे जादा पुन्हा 18,500 च. जानेवारी ते जून 6 महिने, 1,110 डॉलर आणखी, पुढच्या वर्षीच्या फॉर्ममध्ये. महिन्यात जास्तीत जास्त जेवढी जादा होती त्यावर आकारणी होते, म्हणून जून तर गेलाच. जुलै उजाडायच्या आत 18,500 बाहेर काढा. ऑटोमॅटिक आज, आत्ता बंद करा.

उशिराची_पेरणी (1:10)
बंद केलं. पैसे ईटीएफमध्ये (शेअर बाजारातल्या फंडात) आहेत, भाव वाढलाय. वाढीवर पण दंड आहे का? आणि सीआरएच्या साइटवर माझी रूम किती ते दिसतं का? मी कधी बघितलंच नव्हतं.

मेपलची_सावली (1:26)
वाढ मोजत नाहीत, फक्त तुम्ही आत टाकलेले पैसे मोजतात. साइटवर दिसतं, पण तो आकडा 1 जानेवारीचा असतो आणि मागच्या वर्षीचा हिशेब बँकांनी फेब्रुवारीअखेर कळवल्यावरच खरा होतो. स्वतःची वही ठेवा. तारीख, रक्कम, खातं, एवढं पुरतं.
आता माफीचं. सीआरएकडे त्यासाठी अर्ज करता येतो. चूक समजण्यासारखी होती आणि कळल्याबरोबर पैसे काढले, हे दाखवावं लागतं. दंड भरू नका, आधी पत्र लिहा.

ओंजळभर (1:40)
ताई, "भरू नका" म्हणू नका. मी तसंच थांबले होते. फॉर्म उशिरा गेला तर थकबाकीवर 5 टक्के दंड, वर महिन्याला 1 टक्का, आणि व्याज वेगळं. आरसी243 (हाच तो फॉर्म) वेळेत द्या, 1,850 भरा, सोबत माफीचं पत्र आणि पैसे काढल्याचं स्टेटमेंट जोडा. माफी मिळाली तर पैसे परत येतात.

मेपलची_सावली (1:52)
बरोबर आहे तुमचं. माझं वाक्य मागे घेते.

हिवाळी_पाहुणा (3:05)
मी विद्यार्थी व्हिसावर आहे. मला एफएचएसए (पहिल्या घरासाठीचं बचत खातं) उघडता येतो का? वर्षाला 8,000 ऐकलंय.

गणित_आवडतं (3:20)
नवा धागा काढा, तिथे नक्की सांगतो.
पेरणी साहेब, एक राहिलं. पत्नी इथे आहेत का? केव्हा आल्या? त्यांचं टीएफएसए आहे?

उशिराची_पेरणी (6:44)
ती जानेवारी 2024 ला आली. नोकरी नाही, म्हणून खातं उघडलं नाही.

गणित_आवडतं (7:01)
नोकरी लागत नाही. 18 पूर्ण, रहिवासी आणि सिन (सोशल इन्शुरन्स) नंबर, एवढंच. त्यांची रूम 2024, 2025, 2026 मिळून 21,000. तुम्ही काढलेले 18,500 त्यांना द्या, त्या स्वतःच्या खात्यात टाकतील. पती-पत्नीत असे दिलेले पैसे टीएफएसएत वाढले तर ती वाढ तुमच्या उत्पन्नात धरत नाहीत. म्हणजे तुमचे पैसे करमुक्त छपराखालीच राहतात, फक्त खोली बदलते. यापुढे दोघांचे मिळून वर्षाला 14,000. यंदाची मर्यादा 7,000 आहे, तेवढीच धरून एकट्याच्या खात्यात दर वर्षअखेर 7,000 टाकले आणि 5 टक्के धरले, तर 25 वर्षांत भरलेले 1,75,000 चे सुमारे 3,34,000 होतात. दोघांचे दुप्पट. त्या वाढीवर एक सेंट कर नाही. तुम्ही ज्यासाठी फ्लॅट विकलात ते काम होतंय, पैसे फक्त चुकीच्या खात्यात गेले.

उशिराची_पेरणी (11 जून, रात्री 9:30)
18,500 काढले. पत्नीचं खातं उघडलं, पैसे तिकडे गेले. फॉर्म आणि पत्र उद्या पोस्टाने. मी 36 व्या वर्षी इथे आलो, पेन्शन पूर्ण मिळणार नाही, म्हणून हे पैसे माझ्यासाठी फार मोठे आहेत. दोन रात्री झोपलो नव्हतो. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

ओंजळभर (9:48)
दोन्ही खात्यांवर एकमेकांना "सक्सेसर होल्डर" लावलंत का? नुसतं नॉमिनी लावलं तर मृत्यूनंतरची वाढ करपात्र होते. सक्सेसर होल्डर असेल तर खातं जसंच्या तसं जोडीदाराचं होतं, त्याच्या रूमला धक्का न लागता.

उशिराची_पेरणी (9:55)
फॉर्मवर तो रकाना होता, मी रिकामा सोडला. सकाळी बँक उघडली की पहिलं तेच करतो.